घोड्याचं नाही, झाडाचं

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही. सांगता सांगता ते तुम्हाला आवडायला लागतील — मग मला आणखीच अवघड जाईल. जाऊ दे, सांगतेच.

बाबा सौंसरचे निवृत्त लाइनमन. भर वादळात खांबावर चढणारा माणूस, पण सुई दिसली की तोंड फिरवायचा. मी नागपूरला एका प्रयोगशाळेत आहे. तंबाखूच्या जातीतलं एक छोटंसं झाड आम्ही वाढवतो, त्याच्या पानांत बाहेरचं जनुक सोडतो. मग ती पानं प्रतिपिंडं तयार करायला लागतात — रेबीजच्या विषाणूला धरून निकामी करणारी. पानं वाटून, गाळून ती वेगळी काढायची. माणसांना द्यायचं औषध व्हायला अजून बराच अवकाश आहे. पण बाबा पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीतही कुणाला तरी थांबवून सांगायचे, "माही पोरगी झाडाले दवाई बनवाले शिकवून राहिली." याहून चांगलं मलाही कधी सांगता आलेलं नाही.

मी सुट्टीत घरी असताना त्यांना गल्लीतला कुत्रा चावला. पिंढरीत दात चांगलेच रुतले होते. मी नळाखाली साबणानं जखम धुतली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. लशीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचं सीरमही टोचायचं होतं. शेजारच्या बाकावरचा एक पेशंट सहज म्हणाला, "घोड्याच्या रक्तातून काढतेत ते." बाबा ताडकन उठले.

"घोड्याचं रक्त? मी नाही घेत बा. चाल घरी."

समजावलं. रागावलेसुद्धा मी. ते दारापर्यंत पोचले, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, हे घोड्याचं नाही, झाडाचं आहे. आमच्याच झाडांचं."

ते मागे वळले. त्यांचा तो चेहरा! निमूटपणे येऊन त्यांनी पाय पुढे केला. सुई जखमेत शिरत होती आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. नर्सनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या जागी सुई टोचली.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटलं का? नाही. हे खोटं मी पुन्हाही बोलेन.

पुढचं सांगायचंय.

काही महिन्यांनी मोहगावच्या माझ्या आत्याला, बाबांच्या धाकट्या बहिणीला, कुत्र्याचं पिल्लू चावलं. ती दवाखान्यात गेलीच नाही. दादाच्या पायात तंबाखूच्या पानाची दवाई टोचली होती ना — त्यानंच तर कौतुकानं सांगितलं होतं. तिनं तंबाखूची पानं वाटली आणि जखमेवर बांधली. तिच्या मुलाला, प्रवीणला, कळेपर्यंत जखम चिघळली होती. मग इंजेक्शनं झाली. आत्या वाचली, पण घरादारानं कितीतरी दिवस जीव मुठीत धरून काढले.

आम्ही भेटायला गेलो. घरात नातेवाईक बसलेले. प्रवीण बाबांवर तुटून पडला, "मामा, तुमच्या बोलन्यापायी माही माय मेली असती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी भरवशानं. "बेटा, तू असंच म्हनली होती नं? झाडाचं हाये म्हनून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शास्त्रज्ञ. घरातली सगळ्यात शिकलेली.

"नाही बाबा," मी म्हटलं. "पुढे कधीतरी झाडाचं येईल, असं म्हटलं होतं. तुम्ही चुकीचं ऐकलं."

बाबा उठले. मग बहिणीपुढे हात जोडून म्हणाले, "माफ कर व बाई. मीच बराबर नाही आयकलं."

माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की स्वतःच्या कानांवरचा उडाला. नंतर ते एकटेच पांढुर्ण्याला जाऊन कान तपासून आले. मला फोन केला — "कान त चांगले हायेत म्हनते डॉक्टर. मंग माह्या डोक्यातच काही गडबड असन का व?" मी काय केलं? बदाम खात जा म्हटलं.

तेव्हापासून ते माझ्या कामाबद्दल कुणाशी बोलत नाहीत. कुणी विचारलंच, तर नागपूरले नोकरी करते, एवढंच.

परवा आमच्या पानांतल्या प्रतिपिंडांनी उंदरांवरच्या चाचणीत चांगलं काम केलं. मी आधी बाबांना फोन लावला. ते इतके खूश झाले की आईला हाक मारली, पुन्हा सगळं सांगायला लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे कोनाले सांगू का बेटा? बराबर आयकलं नं मी?"

"बरोबर ऐकलं बाबा," मी म्हटलं. "सांगा सगळ्यांना."

त्या दिवशी दवाखान्यातही बरोबरच ऐकलं होतं — हे मात्र म्हटलं नाही.