ऐवजीकाकांचं तिरामिसू

दुधाची तहान ताकावर भागवणारी माणसं पुष्कळ बघितली. ताकालाच दूध म्हणून गळ्यात मारणारा एकच बघितला, ते म्हणजे ऐवजीकाका.

औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभं राहून त्यांना तीस वर्षं झाली होती. डॉक्टरनं लिहिलेला कागद घ्यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, फळीवर नजर टाकायची आणि लिहिलेलं औषध नसलं की म्हणायचं, "त्याऐवजी हे घ्या. तेच आहे, नाव वेगळं." 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कुठल्याच गिऱ्हाइकानं ऐकला नव्हता. एकाची दाढ ठणकत होती, त्याला त्यांनी गुडघेदुखीची गोळी दिली. दुखणं ते दुखणं, वर असो की खाली, असं त्यांचं शास्त्र. तरी गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण दुसरं दुकान चढावर होतं आणि आजारी माणसाला चढ नको असतो.

घरातही तीच तऱ्हा. खिडकीची काच फुटली तिथं कुणाच्या तरी छातीची एक्स-रे फिल्म चिकटवलेली; ऊन आलं की जमिनीवर बरगड्यांची सावली पडायची. चष्म्याची काडी जखमेच्या पट्टीनं बांधलेली. कपडे वाळवायला मोडीत निघालेला सलाइनचा स्टँड. बायको म्हणायची, या घरात मी तेवढी अस्सल, तीही सासूबाईंनी निवडली म्हणून. यांच्यावर सोपवलं असतं तर हे माझ्याऐवजी माझ्या मावशीला घेऊन आले असते.

मुलगी पोस्टात खिडकीवर बसायची. तिनं बेकरीवाल्याच्या मुलाशी जमवलं होतं. मुलगा चांगला, पण बापाच्या शेजारी भट्टीवर उभा राहणारा. बापाचा शब्द मोडण्याची त्याची छाती नव्हती. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते बेकरीवाल्याच्या होकारापाशी. आणि हा बेकरीवाला म्हणजे पिठाला जरा वास आला म्हणून अख्खं पोतं गटारात ओतणारा गडी. त्याच्या काचेच्या कपाटात एक पदार्थ असायचा, तिरामिसू. कॉफीत बुडवलेली हलकी बिस्किटं, त्यावर मऊ चीजचा थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा चीज, वरून कोकोची भुकटी. त्यासाठी लोक लांबून यायचे.

रविवारी चार वाजता बेकरीवाला बायकोला घेऊन चहाला येणार होता. मुलीनं बापाला समोर बसवून बजावलं, चहा आणि लोणी लावलेला टोस्ट, बाकी काही मांडायचं नाही. काकांनी मान हलवली. मान हलवणं हेही त्यांच्याकडं होकाराऐवजी चालायचं.

रविवारी सकाळी मुलगी केस धुवायला गेली आणि काकांनी तिरामिसू करायला घेतलं. बेकरीवाल्याला बेकरीवाल्याचाच पदार्थ खाऊ घालायचा, म्हणजे माणूस गारच पडला पाहिजे, असा हिशोब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चीज नव्हतं. त्यांनी दही घेतलं. दही टांगायला मलमल नव्हती, म्हणून दुकानातली जखमेवर लावायची जाळीदार पट्टी चार पदरी केली आणि सलाइनच्या स्टँडला गाठोडं लटकवलं. खाली वाटीत टप टप पाणी पडायला लागलं. शेजारीण मीठ मागायला आली, ते बघून तिनं दबक्या आवाजात विचारलं, कोण सिरियस आहे? बिस्किटांऐवजी टोस्ट आले. कोकोऐवजी अशक्त पोरांना दुधातून द्यायची चॉकलेटी भुकटी आली, तिच्या डब्यावर दंड फुगवलेलं एक पोर होतं. कॉफी तेवढी खरी होती, कारण ती बायकोनं आणली होती.

राहिली रम. मूळ पदार्थात कॉफीत थोडी रम घालतात, असं फोनवर वाचलेलं. काकांनी कपाट उघडलं आणि खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. बायकोनं हात धरला. काका म्हणाले, रंग तोच, गोडी तीच, झोपही तीच. मोजायच्या टोपणानं मापून त्यांनी तीन टोपणं कॉफीत ओतली. माप चुकू नये याबद्दल माणूस फार काटेकोर.

मुलगी केस वाळवून स्वयंपाकघरात आली तोवर दुपार झाली होती आणि भांडं फ्रिजमध्ये बसलं होतं. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि आईकडं बघितलं. आई म्हणाली, मी टोस्ट वेगळे काढून ठेवलेत. पण पाहुणे आले तेव्हा काकांनी टोस्टची बशी मागं सारून भांडं पुढं केलं, तेही झाकण एका झटक्यात उचलून, जादूगारासारखं.

बेकरीवाल्यानं चमचा घातला. खालचा टोस्ट भिजून लगदा झालेला, वरचा अजून कुरकुरत होता. त्यानं तोंडात एक घास फिरवला आणि गिळला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्याची बायको मात्र आल्यापासून खोकत होती. तिनं दोन घास खाल्ले, चमचा खाली ठेवला आणि सरळ म्हणाली, "हे माझं खोकल्याचं औषध आहे, तुमच्याच दुकानातलं. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ घेतेय, चव विसरेन होय?"

बेकरीवाल्यानं काकांकडं बघितलं. डॉक्टरनं लिहिलं होतं तेच दिलं होतं ना, एवढंच विचारलं. काका सवयीनं बोलून गेले, "तेच आहे, नाव वेगळं."

पितळ उघडं पडलं ते असं. बेकरीवाला सावकाश म्हणाला, "पंधरा दिवस हिचा खोकला हटत नाही. आता एक सांगा, मुलगी तरी तीच दाखवताय ना, की तिच्याऐवजी चालणारी?"

काकांनी मागं सारलेली टोस्टची बशी पुढं ओढली. बोलली ती मुलगी. चीज दह्याचं आहे, बिस्किटं टोस्टची, वरची भुकटी अशक्त पोरांची, असं तिनं पोस्टातल्या खिडकीवर पत्ते वाचतात तसं न थांबता वाचून दाखवलं. मग म्हणाली, "आणि मी यांचीच मुलगी. मला बदली नाही. पटलं तर घ्या."

बेकरीवाला उठला. काकांना म्हणाला, "उद्या डॉक्टरचा तोच कागद घेऊन दुकानात येतो. बघू काय देताय. मग पुढचं बोलू."

पाहुणे गेले. मुलीनं फक्त एवढं सांगितलं, की बाबा, एक शब्द म्हणायचाय, दोन अक्षरी.

सोमवारी दहाला बेकरीवाला काउंटरवर उभा राहिला. हातांना पीठ तसंच. काकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला, फळीकडं बघितलं. लिहिलेलं औषध नव्हतं. शेजारी दुसरी बाटली होती, लाल, चकचकीत. काकांचा हात आपसूक वर गेला, बोटं बाटलीला लागली. तीस वर्षांची सवय ती, नुसत्या मनानं थोडीच अडते. काकांनी दुसऱ्या हातानं तो हात धरून खाली आणला.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"औषध नाही. चढावरच्या दुकानात बघा."

बेकरीवाल्यानं कागदाची घडी घातली. "बुधवारी मुलीला घेऊन बेकरीवर या. चहा आमच्याकडं," म्हणाला आणि चढ चढायला लागला.

बुधवारी काकांच्या पुढ्यात अस्सल तिरामिसू आलं. त्यांनी दोन वाट्या संपवल्या, चमचा चाटला. कसं झालंय, असं बेकरीवाल्यानं विचारलं. मुलगी बापाकडं डोळे रोखून बसलेली. काका म्हणाले, छान.

बाहेर पडल्यावर बायकोच्या कानाशी लागले. "बिस्किटं फार मऊ पडली गं. टोस्ट हवा होता."