टपोरा ठिपका

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. भात संशोधन केंद्रात झाडूवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना विरजणकाका म्हणायचे. प्रयोगशाळेतले मदतनीस. काम म्हणाल तर काचेची भांडी घासायची, ती वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालून निर्जंतुक करायची, आणि एका जिवाणूला जिवंत ठेवायचं. दर तीन आठवड्यांनी जुन्या नळीतलं थोडंसं तारेच्या टोकावर घेऊन बशीत थिजवलेल्या त्याच्या ताज्या खाण्यावर पसरायचं, दोन दिवसांत ठिपके उठले की त्यातला एक निवडायचा आणि तो नव्या नळीत लावायचा. घरी कालचं दही आजच्या दुधाला लावतात, तसंच म्हणा ना. बावीस वर्षं काकांनी हे विरजण मोडू दिलं नव्हतं.

बायको म्हणायची, आमची पोरं शिकून नोकरीला लागली, यांचं बाळ मात्र अजून पाळण्यातच. काका नुसते हसायचे. पाहुण्यांकडे गेलेले असोत की तापाने फणफणलेले असोत, तिसऱ्या आठवड्याचा दिवस उजाडला की हा माणूस केंद्रात हजर. बाकी कशात फारसं लक्ष नसे. छत्री विसरायचे, चष्मा विसरायचे, एकदा तर स्वतःच्या मुलीला शाळेत विसरून आले होते. पण नळी नाही विसरले कधी.

तो जिवाणू आला होता अक्काच्या शेतातून. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. धाकट्याला शाळेत जाता यावं म्हणून अक्काने चौथीतच पाटी ठेवली आणि विळा हातात घेतला. पुढे तिचा नवरा गेला, मूलबाळ झालं नाही, ती माहेरच्याच खाचरात राबत राहिली. तिथे ती आईचं भात लावायची. बारीक, तांबूस दाण्याचं, शिजलं की शेजारच्या घरापर्यंत वास जायचा. गावात दुसरं कुणी ते लावत नव्हतं, कारण त्या भाताला करपा पटकन धरतो. करपा ही बुरशी. पानांवर तपकिरी ठिपके येतात, मग लोंबीची मान काळी पडते, लोंबी मोडून लोंबकळते आणि दाणे पोचट राहतात. आईचं बी त्यामुळे जगात फक्त अक्काकडे उरलं होतं. अर्धं ती पेरायची, अर्धं कणगीत राखून ठेवायची. नवं पीक हाती येईपर्यंत राखलेल्या अर्ध्याला हात लावायचा नाही, हा आईचा नियम होता.

बावीस वर्षांपूर्वी असाच करपा आला आणि खाचर जळल्यासारखं झालं. बांधाजवळचं एकच ठोंब हिरवंगार उभं होतं. काकांनी ही गोष्ट सहज केंद्रातल्या मोठ्या मॅडमना सांगितली. मॅडम शास्त्रज्ञ, पण पायाला चिखल लागला तरी चालेल अशा. दुसऱ्याच दिवशी आल्या, गुडघ्यावर बसल्या, त्या ठोंबाच्या मुळांची माती पिशवीत भरून घेऊन गेल्या. महिन्याभराने काकांना हाक मारून त्यांनी एक बशी दाखवली. एका बाजूने करप्याची बुरशी पिंजलेल्या कापसागत पसरत आलेली आणि मातीतल्या त्या जिवाणूपासून बोटभर अंतरावर थबकलेली. मधे स्वच्छ रिकामी पट्टी.

"बघा काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या अक्कानं बुरशीला दारातच अडवलंय."

तेव्हापासून जिवाणूचं नाव अक्काच पडलं. नळीवर तसं लेबल लागलं. लावणीआधी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवायची, पुढे दोनदा फवारायचं, आणि आईचं भात उभं राहायचं. मॅडम निवृत्त झाल्या, दोन वर्षांत गेल्याही. केंद्र सोडताना त्यांनी काकांना एवढंच सांगितलं होतं, याला जपा, उपाशी ठेवू नका. मूळचा जिवाणू त्यांनी डीप फ्रीझरमध्ये गोठवून ठेवला होता. पण केंद्राची रंगरंगोटी चालू असताना कुणी शहाण्याने फ्रीझरचा प्लग काढून तिथे पंखा लावला, आणि आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळं नासलं. वाचलं ते काकांच्या नळ्यांमधलं. त्या दिवशी संचालकांनी काकांची पाठ थोपटली होती. ती थाप काकांना पुढे कितीतरी वर्षं पाठीवर जाणवायची.

आणि काकांनी जपलं तरी किती. बशीवर ठिपके उठायचे ते सगळे सारखे नसत. सुरुवातीला बहुतेक मळकट, सुरकुतलेले, खपलीसारखे असायचे, वाढायचेही रडतखडत. मधूनच एखादा टपोरा, गुळगुळीत, चकचकीत निघायचा. काका तोच उचलायचे. शेतकऱ्याचं पोर, बी निवडायचं तर टपोरंच निवडणार, यात कुणी काय शिकवायचं? हळूहळू सगळी बशीच टपोऱ्या ठिपक्यांनी भरू लागली. काकांना त्याचा कोण अभिमान. आलेल्यागेलेल्याला दाखवायचे, बघा, कसा अंग धरून आहे.

अलीकडची काही वर्षं हवा कोरडी होती, करपा असा कुठेच आला नाही. अक्काच्या शेतातही नाही. श्रेय अर्थातच नळीला मिळालं.

यंदा केंद्रात नवी मॅडम आली. काकांच्या मुलीच्या वयाची. तिने जुने अहवाल वाचले आणि तिच्या मनाने घेतलं की या जिवाणूचं अक्काच्याच शेतात पुरं खाचरभर प्रात्यक्षिक करायचं, शेजारपाजारच्या गावांना दाखवायचं. काकांना आकाश ठेंगणं झालं. पण पुऱ्या खाचराला अर्धं बी पुरेना. काका अक्काकडे गेले आणि कणगीतलं राखलेलं अर्धं मागितलं. अक्काने कणगीवर हात ठेवला. मग म्हणाली, आईनं कधी काढलं नव्हतं रे. काका म्हणाले, आईकडे ही नळी कुठे होती? एका वर्षात दुप्पट करून देतो, हा माझा शब्द.

"तू आहेस ना," अक्का म्हणाली, "मग घे."

लावणीच्या आधी नव्या मॅडमने हळूच विचारलं होतं, काका, एकदा बशीवर बुरशीसमोर ठेवून तपासायचं का? काकांना ते झोंबलं. बावीस वर्षं हाताने वाढवलेल्याची परीक्षा कालची पोरगी घेणार? ते म्हणाले, मॅडम, हातच्या काकणाला आरसा कशाला? तिने वयाचा मान ठेवला आणि विषय सोडला. तो मान तिने ठेवायला नको होता. पण हे आता म्हणून काय उपयोग?

हवा दमट झाली. आठवडाभर सूर्य दिसला नाही, सकाळी धुकं. पानांवर ठिपके आले. आजूबाजूच्यांनी औषध मारलं, अक्कालाही सांगितलं. अक्काने काकांना फोन केला. काका म्हणाले, औषध अजिबात मारू नकोस, आपला जिवाणू त्यानं मरेल, मी येऊन परत फवारतो. आले, फवारलं, खाचराच्या चारी कडांनी फिरले. अक्का बांधावर बसून बघत होती. तिला भावाच्या शब्दावर शंका घ्यायची सवयच नव्हती. पंधरा दिवसांनी लोंब्या बाहेर आल्या आणि एकेकीची मान काळी पडत गेली. लांबून खाचर पिकल्यासारखं दिसायचं. जवळ जाऊन लोंबी चिमटीत धरली की नुसता भुसा.

अक्काने चार दिवस ठोंबन् ठोंब चाचपलं. एकही भरला दाणा निघाला नाही.

नव्या मॅडमने मग बशी लावली. एका कडेला बुरशी, दुसऱ्या कडेला टपोरा अक्का. काका रोज येऊन काचेतून डोकावायचे. बुरशी पसरत आली, जिवाणूपाशी पोचली, आणि न थांबता त्याच्या अंगावरून पलीकडे गेली. पट्टी नाही की काही नाही. मॅडमने मान खाली घालून समजावलं. बुरशीला मारणारं द्रव्य तयार करायला जिवाणूची पुष्कळ ताकद खर्च होते, म्हणून लढणारा सुकलेला, खपलीसारखा दिसतो. बशीत आयतं खाणं, शत्रू कुणी नाही. तिथे जो लढाई सोडतो त्याची सगळी ताकद अंगाला लागते, तो टपोरा होतो. दर वेळी तोच निवडला गेला.

"म्हणजे मीच," काका म्हणाले.

काकांनी धुतलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

अक्काला सांगणं भाग होतं. काकांनी तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसून सगळं सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. टपोरं बी निवडावं असं वाटलं, म्हणाले. अक्का ताट पुसत होती, ती थांबली.

"आई टपोरं कुठे निवडायची रे?" ती म्हणाली. "सगळं वाळलं की त्यात जे उभं राहायचं, त्याचं बी घ्यायची. बारीक का असेना. मी पण तसंच करत आले."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू शिकलेला. तुला मी काय सांगणार?"

एवढंच ती बोलली. काकांना वाटलं, हिने दोन शिव्या घालाव्यात, पदराने डोळे पुसावेत, काहीही करावं. तिने त्यांना जेवायला वाढलं.

परतताना काकांना एकदम आठवलं. मोठ्या मॅडमनी कुंडीतल्या प्रयोगासाठी अक्काकडून थोडं बी घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी कपाट उपसलं तर खरंच, सगळ्यात खाली पिवळं पडलेलं पाकीट, त्यावर मॅडमचं अक्षर. शंभर-सव्वाशे दाणे. बावीस वर्षांचे. नवी मॅडम म्हणाली, काका, फार आशा धरू नका. पण आशा काय धरल्याने धरली जाते? काकांनी ओल्या कागदावर एकेक दाणा मांडला आणि न राहवून अक्काला फोन केला. एक जरी उगवला तरी पुरे, अक्का. एकापासून होतं सगळं.

ती दिवस मोजत राहिली. काका पाणी शिंपडत राहिले. पाचव्या दिवशी काही नाही, सातव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी दाण्यांवर पांढरी बुरशी चढली. काकांना फोन करवेना, आणि दहाव्या दिवशी अक्का स्वतःच आली. पासष्टी ओलांडलेली बाई, दुखऱ्या गुडघ्यांनी दोन बस बदलून. या इमारतीत ती आयुष्यात पहिल्यांदा येत होती. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून तिने खाचरातली माती आणली होती, रोपाला घरची माती मिळावी म्हणून.

काकांनी कागद दाखवला. तिने खाली वाकून पाहिलं, एका दाण्याला नखाने हलकेच दाबलं. तो आतून मऊ, कुजलेला होता. तिने पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं.

काकांचा बांध तेव्हा फुटला. प्रयोगशाळेतली शिकाऊ पोरं बघत असताना, पांढऱ्या कोटातला हा म्हातारा ढसाढसा रडला. अक्काने त्यांना रडू दिलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, ते माझ्या नावाचं आहे म्हणतोस, ते तरी दाखव. एवढी वर्षं नुसतं ऐकतेय.

काकांनी फ्रीजमधून नळी काढली. तिने ती खिडकीशी, उजेडात धरली. आत खाण्याच्या वडीवर अक्का पसरला होता, गुळगुळीत, भरलेला, चकचकीत. तिला लेबल वाचायला वेळ लागला, पण तिने ते वाचलं. मग भावाकडे बघून, लहानपणी त्याच्या पाटीवरची अक्षरं बघून म्हणायची त्याच सुरात ती म्हणाली, "किती गुटगुटीत वाढवलंस रे."

आणि नळी नीट, दोन्ही हातांनी, तिने त्यांच्याकडे परत दिली.