पडून राहण्याची सोय

काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन आणि खाली काटे. मोबाइलवर अंगठा दाबून चौकोनाला काट्यांवरून उडी मारायला लावायची, एवढाच खेळ. अंगठा केसभर चुकला की चौकोन फुटतो आणि तुकडे खाली पडायच्या आत पुन्हा सुरुवातीला उभा! मला याचीच किळस येते. लहानपणी खो-खोत पडलो की कुणीतरी गुडघ्यावर फुंकर घालायचं. इथे पडल्यावर घटकाभर पडून राहण्याचीही सोय नाही. मरणसुद्धा इतकं फुकटचं!

"शी! मेलो परत!" मी ओरडलो.

पहिल्यांदा असा ओरडलो, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून धावत आली होती. आज पोळी लाटताना तिने मानही वर केली नाही.

"मेलास ना? मग ऊठ, ताटं घे."