पाठीखालची थंडी

“वर घाम आणि खाली बर्फ. हे काय विकलंत मला?”

गायधनी मॅडमनी हॅमॉक माझ्या कटिंग टेबलवर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. डिसेंबर होता. दुकानात न जाता त्या थेट नाशिकच्या अंबडला, आमच्या युनिटमध्ये आल्या होत्या. आम्ही रकसॅक, तंबू, स्लीपिंग बॅगा शिवतो. कापड कसं कापायचं त्याचे पॅटर्न मी काढते आणि माल बाहेर जाण्याआधी तपासतेही मीच. त्यामुळे तक्रारही माझ्याच टेबलवर येते. खरं सांगायचं तर मला राग आला. शिलाईत एक टाका चुकलेला नव्हता.

हॅमॉक म्हणजे दोन झाडांना बांधायची कापडी झोळी. बाळाची असते तशीच, फक्त मोठ्या माणसाच्या मापाची. मॅडम शाळेतून रिटायर झालेल्या, दोन्ही गुडघे बदललेले. जमिनीवर बसल्या तर उठवायला दोघं लागतात, म्हणून तंबू बाद. हॅमॉकमध्ये मात्र खुर्चीत बसावं तसं बसायचं आणि पाय वर घ्यायचे. ट्रेकच्या ग्रुपबरोबर मुक्कामाला जायचं तर त्यांच्यापुढे हा एकच मार्ग होता.

“स्लीपिंग बॅग वापरली होती ना?” मी विचारलं.

“तुमचीच. वरून शाल. तरी पाठ गारठली. पहाटे दात वाजायला लागले, बरोबरच्या पोरी घाबरून गेल्या.”

“खाली मॅट?”

“घातली होती. कूस बदलली की ती बाहेर.” मग त्यांचा आवाज उतरला. “हे बघा, जानेवारीत ग्रुप हरसूलकडे जातोय. तुषार, माझा मुलगा, या वेळी बरोबर येणार आहे. मी कुडकुडले की गाडीत घालून घरी आणणार आणि पुन्हा ट्रेकचं नाव काढायचं नाही. तसं कबूल करून घेतलंय त्याने माझ्याकडून.”

तिथे माझा राग गेला. आयुष्यभर वर्गच्या वर्ग सांभाळलेल्या बाईने मुलाची परवानगी घेऊन फिरायचं, हे मला काही बरं वाटलं नाही.

आमचे मालक शिरोडे साहेब केबिनमधून ऐकत होते. मॅडम गेल्यावर म्हणाले, “वैशाली, फिलिंग डबल कर आणि विषय संपव.”

फिलिंग म्हणजे बॅगेच्या आतला पॉलिएस्टरचा कापूस. बॅग जाड तर ऊब जास्त, असा सरळ हिशेब. मलाही पटला. शिवली बॅग.

पण तपासायची कुठे? नाशिकची थंडी ऊन वर आलं की पळून जाते, आणि रात्री रानात झोपायला जाते म्हटलं असतं तर घरात सासूबाईंनी धारेवर धरलं असतं. शेवटी माझा दीर आठवला. संदीप दिंडोरीजवळ द्राक्षांच्या प्रीकूलिंग युनिटवर ऑपरेटर आहे. तोडलेली द्राक्षं पेट्यांत भरली की आधी तिथल्या खोलीत गार करतात आणि मग कंटेनरमध्ये चढवतात. सीझन अजून सुरू व्हायचा होता. रिकाम्या खोलीत मशीन चालवून बघायचं काम चाललं होतं.

“वहिनी, दुपारचं चांगलं ऊन सोडून इथं झोपायला आल्या?” संदीप म्हणाला. “लय येडं काम हाय हे.”

पण खांबांना दोर त्यानेच बांधले. दार बाहेरून लावू नको, असं मी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं आणि आडवी झाले.

थोड्या वेळात छातीला घाम आला. पाठीला मात्र ओली फरशी टेकवल्यासारखं वाटत होतं. मॅडम शब्दन् शब्द खरं बोलल्या होत्या. मी पडल्या पडल्या पाठीखाली हात घातला. तो डबल कापूस माझ्याच वजनाने पापडासारखा चपटा झाला होता. ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. हवा चेपून बाहेर काढली की उरतं नुसतं कापड. जमिनीवर निदान खालून वारा लागत नाही. इथे तो थेट पाठीला लागत होता. आणखी कितीही कापूस भरला असता तरी तोही मीच चेपला असता. म्हणजे कापूस माझ्या वजनाखाली नकोच होता. तो हॅमॉकच्या बाहेर, खालून टांगायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं.

“गोधडी अंगाखाली, आणि तीही झोळीच्या बाहेर? लोक हसतील.”

“हसू देत. कुडकुडण्यापेक्षा बरं.”

“परदेशात मिळतं का असलं काही?”

“मिळतं. अंडरक्विल्ट म्हणतात. काल फोनवर बघितलं.”

“मग आधी सांगायचं ना! कर.”

पहिल्या नमुन्याला मी दोन्ही टोकांना साध्या नाड्या लावल्या. तो मध्ये लोंबला आणि वारा आत शिरला. नाड्या आवळल्या तर कापूस पुन्हा चेपला. मग नाड्यांच्या जागी इलॅस्टिकची दोरी घातली आणि तिला स्टॉपर लावला, म्हणजे रकसॅकच्या तोंडाला असतो तो सरकता चाप. माणूस आत झोपला की दुसऱ्याने हॅमॉक आणि गोधडीच्या मध्ये हात घालून बघायचा. तळहात सरकला पाहिजे, मूठ जाता कामा नये. या वेळी प्रीकूलिंगच्या खोलीत मला चक्क डुलकी लागली.

“वहिनी, उठा आता,” संदीप हलवत होता. “उद्यापासून द्राक्षं यायचीत.”

मॅडम हॅमॉक न्यायला आल्या तेव्हा तुषारही बरोबर होता. त्याने सगळं उलटसुलट करून बघितलं.

“तुमच्यासाठी पण देऊ का?” मी विचारलं.

“मला नकोत असले लाड. साधा हॅमॉक द्या. वरून एक जाड ब्लँकेट घेतलं की झालं.”

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी मी गप्प बसले.

ते लोक हरसूलला गेले तेव्हा माझंच कामात लक्ष लागेना. परत आल्यावर मॅडम पुन्हा थेट टेबलाशी हजर.

“कसं झालं?”

“मस्त. पहाटे बॅगेची चेन थोडी उघडावी लागली. उकडायला लागलं.”

“आणि तुषार?”

“तो शेकोटीला चिकटून बसलेला सापडला. पाठ शेकत. मीच चहा करून दिला. चहा घेता घेता म्हणतो, आई, घरी निघायचं का?”

“मग?”

“म्हटलं, गाडीची किल्ली तुझ्याकडेच आहे, तू नीघ. मी ग्रुपबरोबर येते.”

साहेब केबिनमध्ये मोठ्याने हसले. हल्ली तळहात आणि मुठीची गोष्ट ते गिऱ्हाइकांना स्वतःची म्हणून सांगतात. मी मात्र एक सवय बदलली आहे. थंडी वाजल्याची तक्रार आली की वर काय पांघरलं होतं ते विचारत नाही. खाली काय होतं ते विचारते.