ठाण्याची इंग्रजी, कल्याणची दाद

पुण्याची गाडी ठाण्याला थांबली. आधी मी सतार जपून उतरवली आणि मग स्वतः उतरलो. वाईहून निघताना दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, बजावले होते, "मामलेदार कचेरीत कागदांच्या नकला करायची जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. पंधरवड्यात परत आला नाहीस तर हातची जाईल."

ती जावी म्हणूनच मी निघालो होतो. कल्याणला रेल्वेच्या एका इंजिनिअरसाहेबाच्या मडमेला सतार शिकायची होती. अट एकच, मास्तराने स्वतः इंग्रजीत समजावून सांगावे, मध्ये दुभाषा चालणार नाही. माझी इंग्रजी मुळाक्षरांपुढे गेली नव्हती आणि हातात होते नऊ दिवस. जमले तर जन्मभर सतार, नाहीतर जन्मभर बोरू. तरी मला धास्ती नव्हती. जो कान श्रुती पकडतो तो शब्द का पकडणार नाही, असा माझा रोकडा सवाल होता.

ठाण्यात मावसभावाकडे उतरलो. त्याचे घर तळ्याजवळ. तो म्हणाला, "अरे, इंग्रजी हवी ना? मग बस्त्यावकडे जा. देवळात व्हायोलिन वाजवतो. लहानपणी गोऱ्या पाद्र्याजवळच वाढलाय." इकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, हे मला तेव्हा कळले.

बस्त्याव साठीचा, काळा, उघड्या अंगाचा. ओटीवर बसून जाळे विणत होता. मी येण्याचे कारण सांगितले. त्याने जाळे बाजूला ठेवले, आतून व्हायोलिन आणले आणि म्हणाला, "मास्तर, माजेकडं पुस्तक नाय. आधी ऐकाचा, मंग शब्द."

त्याची रीतच तशी होती. तो गज ओढी. तेच मी सतारीवर काढून दाखवल्याशिवाय शब्द देत नसे. हळू वाजवले की 'स्लो', दोघांचे जुळले की 'टुगेदर', चुकलो की 'अगेन'. हा तिसरा शब्द मला सर्वांत आधी पाठ झाला. मग गप्पा निघत. "तुना कोनी शिकवला?" तो विचारी. मी सांगे, वडिलांनी, पहाटे, कृष्णेच्या घाटावर, बोटे गारठलेली असताना. त्यावर तो एकेक शब्द हातावर ठेवी: फादर, मॉर्निंग, रिव्हर, कोल्ड फिंगर्स. तो वाजवी, बोले, पुन्हा वाजवी आणि मी वहीत मान घालून भराभर लिहीत असे.

त्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी फुगे (ताडीने आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) पुढे केले. ताडीचे नाव ऐकताच माझ्या पोटातल्या वाईने माघार घेतली. ती बिचारी रागावली नाही. तिने शहाळे फोडून दिले.

नवव्या दिवशी बस्त्यावच्या मेहुण्याच्या पडावातून, म्हणजे मालवाहू होडीतून, मी कल्याणला निघालो. कोलशेतच्या बंदरावर मीठ भरले होते आणि मिठाच्या गोण्यांवर मी सतार मांडीवर घेऊन बसलो. दोन्ही काठांना खारफुटी, वर बगळे, मागून भरतीचा रेटा. मौज वाटत होती. डोंबिवलीच्या अलीकडे ओहोटी लागली आणि पडाव गाळात बसला. मी शब्द घोकू लागलो. पडाव हाकणारा तांडेल बराच वेळ ऐकत होता.

"भटजी, यो कंचा मंतर?"

"इंग्रजी आहे."

"यानं भरती बिगी येल काय?"

भरती तिच्या वेळेलाच आली. बंगल्यावर पोचलो तेव्हा मला तीन तास उशीर झाला होता आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते.

मडम उंच, गंभीर. तिने पहिलाच प्रश्न केला, कोणी शिकवले? मी ताठ बसून म्हणालो, "माय फादर. मॉर्निंग. रिव्हर. कोल्ड फिंगर्स." ती हसली. मी थोडी सतार वाजवली, तिला हळू-जलद समजावले. सगळे सुरळीत चालले होते. मग ती म्हणाली, आता माझे ऐका, आणि पियानोशी बसली.

संथ चीज होती. सूर पायऱ्या उतरावेत तसे उतरत गेले आणि शेवटी एका खालच्या सुरावर असे अलगद विसावले की मी इंग्रजी, नोकरी, चिखल सारे विसरलो. मांडीवर थाप मारून ओरडलो, "वा! क्या बात है!"

पियानो थांबला. मडमेचा चेहरा लालबुंद. तिने झाकण लावले आणि दारातल्या बटलरकडे पाहिले. मी थट्टा केली असे तिला वाटले होते. आपल्याकडे जे न केले तर गवई रुसतो, त्यानेच ही रुसली होती. बटलर माझ्याकडे येऊ लागला. मला कचेरीतले मेज दिसू लागले.

मी उठलो नाही. जवळ होते नव्हते ते शब्द जुळवले. "मॅडम, नो अँग्री. इन चर्च, गुड म्युझिक, पीपल क्वाएट. इन माय कंट्री, क्वाएट मीन्स बॅड म्युझिक. गुड म्युझिक, मॅन कॅनॉट क्वाएट."

तिने बटलरला हाताने थांबवले. झाकण उघडून तीच चीज पुन्हा वाजवली. त्या सुरावर येऊन थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी गप्प.

"बॅड?" तिने विचारले.

नोकरी जाते की राहते अशी वेळ. पण सुराच्या बाबतीत खोटे बोलायला वडिलांनी शिकवले नव्हते. "फर्स्ट, फॉर म्युझिक," मी म्हणालो. "नाऊ, फॉर मी." पहिली दाद सुरांना होती; आता दिली असती तर ती माझ्या नोकरीसाठी झाली असती.

ती खळखळून हसली. सोमवारपासून या, म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीने ठाण्याला परतलो तो तडक बस्त्यावच्या ओटीवर. हकीकत ऐकून म्हातारा खुलला. त्याने व्हायोलिन काढले. आता वही उघडायचे कारण नव्हते. मी नुसता बसलो आणि ऐकू लागलो. काय हात होता त्या माणसाचा! माझ्या तोंडून 'वा!' कधी गेले मला कळलेही नाही.

त्याचा गज जागच्या जागी थांबला.

"चालीस वर्सां देवलान वाजवतंय," तो हळूच म्हणाला. "लोक डोले मिटून बसतान. मना वाटाचा, निजतान."

वाईला बिऱ्हाड हलवायला गेलो तेव्हा दादांनी विचारले, "नऊ दिवसांत इंग्रजी आली तरी किती?" मी ऐटीत सगळे शब्द म्हणून दाखवले. पण त्या नऊ दिवसांत वहीवर मान घालून बसलेला मीही त्या म्हाताऱ्याला निजलेलाच वाटलो असेन, हे मात्र माझ्याने सांगवले नाही.