टिपणीस सरांची पहिली बाटली

टिपणीस सर गेल्याचं मला पेपरातल्या चार ओळींवरून कळलं. जन्मभर मुंबईचं पाणी तपासणाऱ्या प्राध्यापकाला चार ओळी... राग आला. आणि खरं सांगायचं तर किंचित हायसंही वाटलं. माझी एक गोष्ट त्यांना ठाऊक असावी, असा मला कायम संशय होता. हायसं वाटल्याची लाज अजून जात नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत आमच्या परळच्या चाळीत नवा चेहरा दिसला की तो साध्या वेशातला पोलीसच ठरायचा. आमच्या खोलीत तांदळाच्या डब्यामागे चळवळीची पत्रकं दडवलेली, त्यामुळे मी तर दूधवाल्याकडेही वाकड्या नजरेनं बघायचो. अशात गिरगावातले हे गृहस्थ बाटल्यांची पेटी घेऊन आले. चाळीत तापाची साथ आहे, पाणी तपासायचंय म्हणाले. पण पाणी तपासणारा माणूस स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड कशाला भाजेल?

"नळाच्या तोंडाची घाण बाटलीत यायला नको," सर म्हणाले. मला काही ते पटलं नाही. त्यात त्यांनी बाटलीवर आमच्या खोलीचा नंबर लिहिला!

बाटली कठड्यावर ठेवून ते खाली गटार बघायला गेले. भाचीला ताप होता म्हणून आईनं पाणी उकळून ठेवलं होतं. मी बाटली रिकामी केली आणि तिच्यात ते उकळलेलं पाणी भरलं. पाणी चांगलं निघालं की हा माणूस परत फिरकणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

"अरे, ह्या काय करतंस?" आईनं विचारलं.

"तू गप रव गे, आये."

पाणी चांगलं निघालं. सगळ्या मजल्याचा तो नळ चालूच राहिला. आठवड्याच्या आत शेजारच्या राण्यांची कुसुम तापानं गेली. सहा वर्षांची होती.

दोन दिवसांनी सर आपणहून परत आले. "इतकं शुद्ध पाणी मी अख्ख्या परळात पाहिलेलं नाही. मला संशय येतोय." बोलताना ते माझ्याकडे बघत होते, की मलाच तसं वाटलं? या वेळी बाटली त्यांनी हातातून सोडली नाही. गटाराचं पाणी नळाच्या पाइपात शिरत होतं. नळ बंद झाला.

पुढे मी त्यांच्या घरी जात राहिलो. आधी, त्यांना कितपत कळलंय ते चाचपायला. नंतर माणूस आवडला म्हणून. सांगायचं मात्र राहूनच गेलं... राहून गेलं कसलं, मी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात सरांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेलो. त्यांनी एक जुनी वही पुढे केली. "तुमच्या चाळीची आहे. तुम्हाला द्या म्हणाले होते."

पहिल्या नमुन्याखाली सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : बाटली नजरेआड केली. चूक माझी. एक मूल गेलं.

मी पेन मागितलं. 'माझी' खोडून तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं.

वहिनींनी ते वाचलं. वही माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही निघा आता."