मुळं निवडणाऱ्या मावशी

मावशी खरं तर आमच्यापैकी कुणाच्याच मावशी नव्हत्या. शेती संशोधन केंद्रात त्या कामाला लागल्या त्या दिवशी कुणीतरी तशी हाक मारली, आणि पुढे सतरा वर्षं संचालकांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच राहिल्या. माझ्या प्रयोगाचा अर्धा भार त्यांच्यावर होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगते आहे.

प्रयोग सांगायला सोपा होता. काही पट्ट्यांत नुसता गहू, काहींत नुसता वाटाणा, आणि काहींत दोन्ही मिसळून, एक ओळ याची, एक त्याची. वाटाण्याच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतला नत्र धरतात. मग शेजारच्या गव्हाला खत कमी घातलं तर भागतं का, वापरलं न गेलेलं खत झिरपून विहिरींच्या पाण्यात उतरतं ते कमी होतं का, मातीतून उडणारे वायू घटतात का, आणि पीक काढल्यावर कोणाची किती मुळं मातीत मागे राहतात, हे आम्हाला वर्षानुवर्षं मोजायचं होतं. पाण्यासाठी जमिनीत पुरलेल्या नळ्या होत्या. वायूंसाठी झाकणाच्या पेट्या होत्या. मुळांसाठी मावशी होत्या.

एकत्र वाढलेल्या पिकांची मुळं एकमेकांत अशी गुंततात की बघणाऱ्याच्या डोक्याला मुंग्या याव्यात. मातीचा गोळा चाळणीवर धुतला की हातात उरतो एक ओला गुंता. मावशी तो पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात सोडायच्या, चिमटा घ्यायच्या आणि निवडायला बसायच्या. उजव्या वाडग्यात गहू, डाव्या वाडग्यात वाटाणा. पीक कोवळं असेपर्यंत हे काम कुणालाही जमतं, कारण रंग वेगळे असतात आणि गाठी जागेवर असतात. पण कापणीच्या सुमाराला गाठी गळतात, दोन्ही मुळं सारखीच तपकिरी होतात, आणि केसाएवढे तुकडे उरतात. तिथे आम्ही सगळे पदवीधर हात टेकायचो. मावशी तुकडा बोटांत चुरडायच्या, नाकाशी न्यायच्या आणि वाडग्यात टाकायच्या.

"वाटाण्याला कच्च्या शेंगेचा वास येतो, ताई," त्या मला म्हणायच्या. "गव्हाला नुसता मातीचा."

मला दोन्हींना मातीचाच यायचा. एकदा एक पाहुणे शास्त्रज्ञ मुळं ओळखणारा महागडा कॅमेरा घेऊन आले. दिवसभर खटपट करून त्यांनी जेवढं निवडलं तेवढं मावशींनी चहाच्या आधी उरकलं, आणि वर त्यांनाच विचारलं, "यंत्राला चहा लागतो का?" आम्ही आठवडाभर हसत होतो.

धुण्याच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं स्टूल असायचं, त्यावर नवऱ्यानं शिवलेली जाड उशी. नवरा शिंपी होता. दुपारी सायकलवरून डबा घेऊन यायचा, दारातूनच डोकावून विचारायचा, "सुटला का गुंता?" या म्हणायच्या, "तुमच्या दोऱ्यांपेक्षा लवकर सुटतो." रोज हाच प्रश्न आणि रोज हेच उत्तर. मला त्याचा कधीकधी वैताग यायचा. आज तो वैताग आठवला की स्वतःचीच लाज वाटते.

पंधरावं वर्ष संपलं तेव्हा दोघांनाही एकदम ताप आला. नवरा त्यातून उठला नाही. मावशी महिन्याभरानं कामावर आल्या, खूप वाळल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, हवी तेवढी सुट्टी घ्या. त्या म्हणाल्या, "घरी बसून काय करू?" आणि चिमटा उचलला. मला बरं वाटलं. सुट्टी घेतली असती तर माझे नमुने कुजले असते, हे मी मनात धरलं होतं. ते इथे कबूल करते.

त्यानंतरच्या दोन हंगामांचे आकडे फार देखणे आले. मिश्र पट्ट्यांत गव्हाची मुळं एकदम वाढलेली दिसत होती. मी भाषणं दिली, तक्ते दाखवले, टाळ्या घेतल्या. असं का झालं असेल याची कारणंही मी शोधून काढली. कारणं काय, शोधली की सापडतात.

मग एक दिवस सकाळी मी धुण्याच्या खोलीचं दार उघडलं आणि नाकच दाबून धरलं. मुळं वाळवायच्या भट्टीच्या दाराचं रबर जळत होतं. धूर दिसत नव्हता, पण घाण वास खोलीभर कोंदला होता. भट्टीपासून दोन हातांवर मावशी पाठमोऱ्या बसून शांतपणे तुकडा नाकाशी नेत होत्या. मी धावत जाऊन बटण बंद केलं. त्या दचकून वळल्या आणि म्हणाल्या, "काय झालं?"

तेव्हाच, तिथेच, पाट ओढून समोर बसून विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी शास्त्रज्ञासारखी वागले. माझ्या घराच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये गहू आणि वाटाणा वेगवेगळा लावला. पीक वाळल्यावर मुळं धुतली, गाठी काढून टाकल्या, तुकडे केले आणि वीस डब्यांत भरले. प्रत्येक डबीत एकच पीक. डब्यांवर शेतातल्या पट्ट्यांचे खोटे क्रमांक घातले आणि मावशींसमोर नेऊन ठेवल्या.

"एवढ्या डब्यांत कशाची मुळं आहेत तेवढं सांगा, मावशी. घाईचं आहे."

त्यांनी पहिली डबी उघडली, तुकडे तळहातावर घेतले. बराच वेळ बघत राहिल्या. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग एकेक डबी घेऊन सांगत गेल्या, गहू, वाटाणा, वाटाणा, गहू. मी लिहून घेत गेले. वीसपैकी अकरा बरोबर आल्या. नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण तेवढ्याच आल्या असत्या.

मी कागदाची घडी घालत होते, तेव्हा त्या हात पुसत म्हणाल्या, "कुंडीतली आहेत ना ही?"

मी घडी केलेला कागद वहीत सारला.

"कुंडीतलं मूळ भिंतीला अडून गोल फिरतं. वाळलं तरी त्याचा वाक जात नाही. शेतातलं असं नसतं." मग थांबून म्हणाल्या, "परीक्षा घ्यायची होती तर सांगायचं होतं, ताई. मी दिली असती."

"मग कुंडीतली आहेत हे कळल्यावर तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही नाही बोललात म्हणून."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. त्यांनी मग सगळं सांगितलं. ताप उतरल्यावर नवऱ्याचा सदरा त्यांनी नाकाला लावला, तर त्याला काहीच वास नव्हता. त्यांना वाटलं, माणूस गेलं की त्याचा वासही जात असेल. पंधरा दिवस त्या तसंच समजून चालल्या. कामावर येऊन पहिलं मूळ नाकाशी नेलं तेव्हा खरं काय ते कळलं.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी पाठवलं असतं. घरी कोण होतं?" त्या म्हणाल्या. "वाटायचं, येईल परत. रोज वाटायचं, आज येईल."

दोन वर्षांचे आकडे टाकून द्यावे लागले. मावशींचं काम सुटलं. मी त्यांना कार्यालयात फायली लावायला बसवू पाहिलं, पण आठवडाभरात त्या निघून गेल्या. जाताना स्टुलावरची उशी तेवढी काखेत घेतली.

अहवाल छापून आला तेव्हा मी त्यांच्या घरी घेऊन गेले. एक खोली, भिंतीला शिलाईचं यंत्र, त्यावर चादर झाकलेली. बाजूच्या खुंटीवर एक सदरा अडकवलेला. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मुळांचं काय झालं ते वाचा."

मी वाचलं. मिश्र पिकाला खत खूप कमी लागलं, खालच्या पाण्यातला नत्र घटला, वायू घटले. मुळांबद्दल पहिल्या पंधरा वर्षांचे आकडे ग्राह्य. त्या मान डोलावत होत्या. पुढचं वाक्य मी गाळणार होते. पण अहवाल आम्हा दोघींच्या मध्ये उघडा होता, आणि त्यांचं बोट त्या ओळीवर आलं.

"शेवटच्या दोन हंगामांतील मुळांचे आकडे," मी वाचलं, "वर्गीकरण करणाऱ्या व्यक्तीकडून झालेल्या चुकीमुळे वगळले आहेत."

"ती व्यक्ती म्हणजे मी?"

"हो."

खरं तर सतरा वर्षांत मी त्यांचं काम एकदाही दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेतलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या पहिल्या धड्यात शिकवतात ते मी केलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्या नावावर, तेही नाव न घालता, लिहून मोकळी झाले होते. मी म्हटलं, "मावशी, ही ओळ मी बदलून घेते."

"कशाला? खरं आहे ते." त्यांनी पान उलटलं, परत मागे आल्या. "आधीची पंधरा वर्षं ठेवलीत ना?"

"ठेवलीत. सगळी."

"ती कोणी निवडली, ते कुठल्या ओळीत आहे?"

मी पानं चाळू लागले. कुठेच नव्हतं हे मला पाठ होतं, तरी शेवटच्या पानापर्यंत चाळत राहिले. त्या वाट बघत होत्या, बोट तसंच पुढे धरून.